हातच्याची वजाबाकी

बीड जिल्ह्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेतले वर्ग दिवाळीनंतर निम्मे रिकामे होतात. आईबाप ऊसतोडीला जातात, लेकरंही त्यांच्यासोबत. परत आली की वरच्या इयत्तेत बसतात, गणित मात्र मागेच राहिलेलं असतं. अशांसाठी शाळा सुटल्यावर जादा तास ठेवला तर टिकत नाही, कारण पोरींना धाकटं भावंड सांभाळायचं असतं आणि पोरांना शेरडं. खेळाचा तास काढून घेतला तर ती शिक्षाच. म्हणून मुख्याध्यापकांनी वेळापत्रकच बदललं. दुसरा तास तिसरी ते सातवी सगळ्यांना गणिताचा, आणि बसायचं इयत्तेनुसार नाही, स्तरानुसार. पहिला तास मुद्दाम टाळला, वस्तीवरची मुलं चालत येईपर्यंत तो निम्मा सरलेला असतो.

त्या दिवशी माझ्या गटात सहावीतला एक मुलगा चौथीच्या पोरींशेजारी अवघडून बसला होता. ५२ वजा २७ त्याने ३५ लिहिलं.

“कसं केलंस रे?”

“सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.”

“आता पस्तिसात सत्तावीस मिळव बघू.”

बासष्ट आले. बेरीज त्याची पक्की होती, त्यामुळे तो स्वतःच चमकला. मी दहादहाच्या काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढ्यात ठेवल्या, त्यातून सत्तावीस मागितल्या. दोन गठ्ठे दिले आणि हात थांबला.

“मॅडम, सुट्या दोनच हायेत.”

शेजारची चौथीतली म्हणाली, “गठ्ठा सोड की!”

त्याने रबर काढलं, बारातल्या सात मोजून दिल्या, उरलेल्या मोजल्या आणि वहीतले ३५ खोडून २५ केले. मग मोठ्यानं म्हणाला, “फळ्यावर पाचाचे चार करतेत ते ह्याच्यामुळं व्हय?”

निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं, त्याचं उद्दिष्ट तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि अंकज्ञान यावं हे. फार चांगलं. पण तिसरी ओलांडून गेलेल्या या पोरांनाही तोच पाया हवा आहे, आणि तो शाळेच्याच वेळेत मिळायला हवा.

त्याला लगेच पुढच्या गटात पाठवलं नाही. ३०४ वजा १२८ ला मधल्या शून्याशी अडला. मग खेळातल्या नोटा दिल्या. शंभराची मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून सुटे रुपये. हिशेब १७६ वर आला, तेव्हा भागाकाराच्या गटात त्याचं नाव घातलं.