तुम्ही विचारलंत म्हणून: ॲडलेडची दोन वर्षं मी पूर्ण का केली नाहीत

"ताई, तुम्ही ॲडलेडला, साउथ ऑस्ट्रेलियाच्या १९० व्हिसावर आलात ना? मग दोन वर्षं व्हायच्या आत मेलबर्नला कशा गेलात? काही झालं नाही?"

लोकांनी हा प्रश्न मला दिवाळीच्या फराळाला विचारलाय, गणपतीच्या आरतीनंतर चपला शोधताना विचारलाय, पुण्याहून अनोळखी नंबरवरून रात्री अकरा वाजता विचारलाय. विचारणाऱ्याला माझी हकीकत नको असते. त्याला माझ्या तोंडून तीन शब्द ऐकायचे असतात: काही होत नाही. ते शब्द मी एकदा उच्चारले आहेत. पुन्हा उच्चारणार नाही, आणि का नाही हे प्रत्येकाला फोनवर सांगत बसायची ताकद आता उरलेली नाही, म्हणून लिहिते.

तर माझं काय झालं? काही झालं नाही. १९० म्हणजे एखाद्या राज्याच्या नॉमिनेशनवर, म्हणजे शिफारशीवर, मिळणारा व्हिसा. तो पहिल्या दिवसापासून पीआर, म्हणजे कायम राहण्याचा हक्क असतो. माझ्या ग्रँट लेटरवर, म्हणजे व्हिसा मंजुरीच्या पत्रावर, कुठे राहायचं याची एकही अट नव्हती. दोन वर्षं राज्यात राहीन हे मी लिहून दिलं होतं ते राज्याला, नॉमिनेशनच्या अर्जात. व्हिसा दिला केंद्र सरकारने, शब्द दिला मी साउथ ऑस्ट्रेलियाला. अर्ज करतानाच राहायचं नाही असं ठरवून कुणी खोटं लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. चुकीच्या माहितीवर मिळालेला व्हिसा रद्द करायची तरतूद कायद्यात आहे. माझ्या मनात तसं काही नव्हतं. नागरिकत्वाच्या वेळीही मला कुणी ॲडलेडबद्दल विचारलं नाही. झालं कायद्याचं उत्तर. बहुतेकजण इथेच "थँक्यू ताई" म्हणून फोन ठेवतात.

पण व्हिसाला लागणाऱ्या गुणांतले शेवटचे पाच मला कुठून मिळाले, तेही ऐका. तेव्हा पात्रतेला ६० गुण लागायचे. वय ३४, त्याचे २५. डिग्रीचे १५. चाकणच्या कारखान्यांत क्वालिटीमध्ये घालवलेल्या वर्षांचे १५. झाले ५५. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला चारही भागांत ७ पडले असते तर आणखी १० मिळाले असते आणि कुठल्याही राज्याच्या दारात जावं लागलं नसतं. रायटिंगमध्ये मला तीनदा साडेसहा पडले. तीनदा. अर्ध्या गुणासाठी तीन वेळा फी भरली, तीन वेळा रजा टाकली. नॉमिनेशनचे ५ गुण साउथ ऑस्ट्रेलियाने दिले तेव्हा ६० झाले. तेव्हा "राज्याने मला काय दिलं?" असं मी म्हणू शकत नाही. दार त्यांनीच उघडलं.

जुलै २०१६ मध्ये आम्ही तिघं ॲडलेडला उतरलो, मुलगा पाच वर्षांचा. उत्तरेकडे सॅलिसबरीत घर घेतलं, कारण भाडं कमी आणि एलिझाबेथचा होल्डनचा मोटारींचा कारखाना जवळ. तो बंद होणार हे २०१३ च्या डिसेंबरातच जाहीर झालं होतं, मला ते माहीत होतं. तरी वाटलं, कारखाना बंद झाला तरी भोवतालचे पुरवठादार दुसरं काहीतरी करतील, क्वालिटीचं माणूस त्यांना लागेलच. आमच्या शेजारचे गृहस्थ त्याच कारखान्यातले. बावीस वर्षांची नोकरी, आणि तेही माझ्यासारखेच अर्ज करत होते. मी ज्या जागेसाठी अर्ज टाकत होते तिथे त्यांचाही अर्ज असायचा, आणि त्यांना इथला अनुभव होता. २० ऑक्टोबर २०१७ ला शेवटची गाडी बाहेर पडली. तोवर मी गेले होते.

एका वहीत मी अर्जांची नोंद ठेवायचे. १६३ अर्ज, चार मुलाखती, नोकरी शून्य. मी व्हर्जिनियाच्या बाजूला हरितगृहांतल्या काकड्या पेटीत भरायचे, नवरा गोदामात रात्रपाळी करायचा. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. काकड्या भरणाऱ्या बायका चांगल्या होत्या, त्यांनी मला गाडी चालवायला शिकवलं. मुलाला शाळा इतकी आवडली की शनिवारीसुद्धा दप्तर भरायचा. जागा वाईट नव्हती. ॲडलेडला नावं ठेवून स्वतःची सुटका करून घेणारे लोक मला भेटतात तेव्हा राग येतो. टेकड्या, समुद्र, सेंट्रल मार्केटमधली ताजी मेथी, कुठेही फार वेळ न अडकता जाता येणारं शहर. मला तिथे राहायचं होतं. हे कुणी मानत नाही, पण राहायचं होतं.

ऑगस्ट २०१७ मध्ये मेलबर्नच्या एका पॅकेजिंग कंपनीने बोलावलं. माझ्याच कामाची नोकरी, माझ्या अनुभवाचा पगार. तेरा महिने झाले होते, अकरा बाकी होते. मी राज्याला ईमेल केली, वहीतले सगळे १६३ अर्ज तारखांसकट जोडले आणि विनंती केली की मला दिलेल्या शब्दातून मोकळं करा. उत्तर सभ्य होतं. तुमच्या व्हिसावर अट नाही, तुम्ही दिलेली बांधिलकी पाळाल अशी आमची अपेक्षा आहे. 'जा' असंही नाही, 'जाऊ नका' असंही नाही. सप्टेंबरात आम्ही सामान भरलं आणि सव्वासातशे किलोमीटर गाडी हाकत मेलबर्नला आलो. मुलगा बॉर्डरटाउनपर्यंत रडत होता.

तेव्हा त्याच वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहिलं होतं: "व्यवसायांच्या यादीत नाव टाकून बोलावलं, काम दिलं नाही. शब्द आधी त्यांनी मोडला." आज ते वाचलं की त्या बाईशी भांडावंसं वाटतं. अगं, अर्जात स्पष्ट लिहिलं होतं की नॉमिनेशन म्हणजे नोकरीची हमी नाही. तू वाचलंस, खाली सही केलीस. सतरा लाखांच्या राज्याला माणसं हवी होती, कारण येणारा प्रत्येकजण सिडनी-मेलबर्नला पळतो. त्यासाठीच तर ही योजना. तू घेतलेल्या जागेवर दुसरं कुणी आलं असतं आणि राहिलं असतं. ती बाई यावर मला म्हणते, 'आणखी अकरा महिने काकड्या भरून कुणाचं भलं झालं असतं?' याचं उत्तर माझ्याकडे नाही. आम्ही दोघी अजून तिथेच अडकलो आहोत.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

नाशिकचं एक जोडपं मार्च २०१७ मध्ये ॲडलेडला आलं. आमच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. तोही राज्याच्या नॉमिनेशनवर. आम्ही निघण्याआधी त्यांना आमचा सोफा आणि मिक्सर देऊन आलो होतो. २०१७ च्या दिवाळीत त्याचा फोन आला. त्याला मेलबर्नमध्ये काम मिळत होतं. "ताई, तुम्ही गेलात, काही झालं का?" मी स्वयंपाकघरात होते, कढईत चकल्या होत्या, फोन खांद्याला धरलेला. म्हटलं, "काही होत नाही रे. कोणी बघत नाही."

व्हिसाचा नंबर मी विचारला नाही. राज्य तेच, म्हणजे व्हिसाही तोच, असं धरून चालले.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ते मेलबर्नच्या टारनीट उपनगरात राहायला आले. आमच्याकडे येणं-जाणं होतं. २०१९ च्या सप्टेंबरात एका रविवारी दोघं जेवायला आली, तिला सहावा महिना होता. जेवण झाल्यावर त्याने प्लास्टिकची फाइल काढली, म्हणाला, "ताई, जरा बघता का? पीआरचा अर्ज करायचाय, कागद पुरेसे आहेत का सांगा." मी म्हटलं, "कसली पीआर? तुमची आहेच की."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिने फाइलीतून ग्रँट लेटर काढून माझ्यासमोर ठेवलं. ४८९. तात्पुरता, चार वर्षांचा. खाली अट: ठरवून दिलेल्या रीजनल भागातच राहायचं, तिथेच काम करायचं, तिथेच शिकायचं. ४८९ वरून पुढे ८८७, म्हणजे पीआर, मिळवायला अशा भागात दोन वर्षं राहिल्याचे आणि एक वर्ष आठवड्याला किमान ३५ तास काम केल्याचे पुरावे लागत. मेलबर्न त्यांच्या त्या यादीत नव्हतं. त्यांचे ॲडलेडचे महिने होते अकरा. बाकी भाडेकरार, पगाराच्या स्लिपा, विजेची बिलं, सगळी टारनीटची. त्या फाइलीतला प्रत्येक कागद त्यांच्या विरुद्ध होता आणि त्यांनी तो नीट तारखेवार लावून आणला होता.

ती माझ्याशी बोललीच नाही. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मी तेव्हाच वाचून दाखवलं होतं तुला. तू म्हणालास, ताईंना विचारलंय."

ते वाक्य माझ्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर अजून आहे.

मग तो घाईघाईने बोलायला लागला. कामावरचा कुणीतरी पैसे घेऊन ॲडलेडच्या पत्त्याची मागच्या तारखांची भाड्याची पावती देतो म्हणे. इथे मला खरं लिहायचं आहे. मी लगेच नाही म्हटलं नाही. दोन-तीन क्षण माझ्या मनात हिशेब चालू होता की त्याने भागेल का. 'नाही' म्हणाली ती. पोटावर हात ठेवून, अगदी हळू आवाजात, "खोटं काही द्यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना एका नोंदणीकृत व्हिसा एजंटकडे घेऊन गेले, फी मी भरली. फी भरून काय होतं! एजंटने सांगितलं: आधी परत जा. व्हिसा जानेवारी २०२१ पर्यंत आहे, उरलेले महिने तिकडे काढलेत तर राहण्याचा काळ जेमतेम भरेल. पण अट मोडली होती ही गोष्ट लपवायची नाही, आणि तिच्याकडे कसं बघतील याची खात्री कुणी देऊ शकत नाही. ऑक्टोबरात ते ॲडलेडला गेले. तिच्या बाळंतपणाला सासू येणार होती ती टारनीटच्या घरात. घर गेलं, त्याची नोकरी गेली. तिकडे त्याला एका हॉटेलात काम मिळालं, आणि मार्च २०२० मध्ये करोनाने तेही गेलं. सुरुवातीला तो माझे फोन घ्यायचा. मग घेईनासा झाला. २०२१ मध्ये ते नाशिकला परतले हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

"त्यांनी स्वतःचा कागद वाचायला हवा होता," असं माझा नवरा म्हणतो. बरोबर आहे. "तू काही एजंट नाहीस," असं बहीण म्हणते. तेही बरोबर. पण मी कढईपुढे उभी राहून माझ्या सोयीचं सत्य दुसऱ्याला दिलं, कारण ते दुसऱ्यालाही लागू पडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आणखी एकजण निघून आला असता तर माझं निघून येणं थोडं कमी चुकीचं झालं असतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणायला मी तयार नाही.

म्हणून आता कुणी विचारलं की मी आधी म्हणते, ग्रँट लेटर काढा आणि मला मोठ्याने वाचून दाखवा. लोकांना याचा राग येतो. येऊ दे. नोव्हेंबर २०१९ पासून ४८९ च्या जागी ४९१ आहे. त्याला नॉमिनेशनचे १९० सारखे ५ नाही, १५ गुण मिळतात, आणि त्या पंधरा गुणांसोबत ८५७९ ही अट येते. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून राहा. ॲडलेड, पर्थ, होबार्ट, कॅनबेरा चालतात. पुढे १९१ या पीआर व्हिसासाठी तीन वर्षांच्या कराच्या नोटिसा लागतात. ४९१ वाल्या माणसाला १९० वाल्याचा अनुभव विचारायचा नसतो, आणि १९० वाल्याने तो सांगायचा नसतो. एवढं मात्र मी ठामपणे सांगते.

अडचण होते ती खऱ्या १९० वाल्यांची. गेल्या आठवड्यात होबार्टहून कोल्हापूरच्या एका मुलीचा फोन आला. टास्मानियाच्या नॉमिनेशनवर आलेली. तिने ग्रँट लेटर वाचून दाखवलं, अट नाही. चौदा महिने झालेत. शिक्षण लॅबचं, काम वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात. मेलबर्नच्या एका लॅबने बोलावलंय. राज्याला विचारलंस का, म्हटलं. विचारलंय, म्हणाली. उत्तर तिने वाचून दाखवलं, त्याचा अर्थ मला आलेल्या उत्तरासारखाच होता.

"ताई, तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"मी तुझ्याच जागी होते. मी गेले."

"मग मी जाऊ?"

मला बराच वेळ काही बोलता आलं नाही. पलीकडून शाळेच्या गाण्याचा आवाज येत होता, कुणीतरी लहान मूल जोरजोरात म्हणत होतं. मी तिला विचारलं, लेक कितवीत आहे.