शनिवारी फोन का बंद असतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ठाण्यात माझं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत ते बंद होतं आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत माझा फोनही बंद असतो. "जुलै महिना, रिटर्न भरायची घाई, आणि तुम्हाला हे परवडतं कसं? त्यातून मिळतं तरी काय?" हे दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच.

परवडण्याचं सोपं आहे. थोडं नुकसान होतं, ते होऊ देतो. मिळतं काय, हे सांगायला मात्र जरा मागे जावं लागेल.

आम्ही बेने इस्रायल. पेण, रोहा, अलिबागकडची गावं आडनावात घेऊन फिरणारे मराठी ज्यू. आमची परंपरा सांगते की फार जुन्या काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. पुढच्या पिढ्यांची हिब्रूही गेली. 'शेमा' ही प्रार्थना तोंडी राहिली, मुलग्यांची सुंता राहिली आणि शनिवार राहिला. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. शेजारचे हिंदू तेली शंकराचा वार म्हणून सोमवार पाळायचे, ते 'सोमवार तेली'. तुम्हाला परवडतं कसं, असं त्यांनी एकमेकांना विचारलं असेल असं मला वाटत नाही.

या सगळ्यात मला जास्त आठवतो तो घाण्याचा बैल. डोळ्यांना झापड, आणि दिवसभर त्याच रिंगणात फेरे. तोरा म्हणजे आमचा धर्मग्रंथ. त्यात शब्बाथची, म्हणजे या शनिवारच्या विसाव्याची, आज्ञा दोनदा येते. 'निर्गम' या त्यातल्या पुस्तकात कारण दिलंय, देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात तीच आज्ञा पुन्हा येते, तेव्हा कारण बदललेलं असतं: तू मिसरात गुलाम होतास, हे विसरू नकोस. कोणी काम करायचं नाही तेही तिथे नावानिशी सांगितलंय. तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या गावात राहणारा परका. कोकणातल्या त्या तेल्याच्या घरात हे वाचू शकणारं कोणी नव्हतं. बैल मात्र शनिवारी सुटायचा.

म्हणून "एक दिवस आराम केला की पुढचे सहा दिवस जोमाने काम होतं" असं कोणी म्हणालं की मला ते पटत नाही. मग ती विश्रांतीसुद्धा कामाच्याच खात्यात जमा झाली की! बैलाला सोडायचं ते उद्या जास्त तेल निघावं म्हणून नाही. सहा दिवस माझा शब्द कोणावर तरी चालतो, माझ्यावर कोणाचा तरी चालतो. सातव्या दिवशी ते दोन्ही थांबतं. मला मिळतं ते एवढंच, आणि माझ्या लेखी ते पुष्कळ आहे.

काही जण रविवारचं सुचवतात. रविवारची किंमत मला कळते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून ती सुट्टी मिळाली. पण आपण रविवारी करतो काय? किराणा, बँकेची राहिलेली कामं, मुलांचे क्लास, आणि दमलो म्हणून कोणाला तरी पावसात स्कूटरवरून आपलं जेवण आणायला लावणं. शनिवारी मी घरपोच काही मागवत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना त्या दिवशी पगारी सुट्टी असते. बाकीच्या घरांत त्यांना जावंच लागतं. "एक घर कमी, तेवढीच पाठ टेकते," म्हणतात. म्हणजे ती आज्ञा आमच्याकडेही अर्धीमुर्धीच पाळली जाते.

आणि विश्रांती म्हणावी तर शुक्रवारी घरात लगीनघाई असते. जेवण आधीच करून ठेवायचं. काळ्या मनुका धुऊन पाण्यात उकळायच्या, गार झाल्या की हाताने कुस्करायच्या आणि फडक्यातून गाळायच्या. हे किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या सुरुवातीला पेला हातात घेऊन म्हणायच्या प्रार्थनेचं, शरबत. आता वाइन मिळते, पण आईला ती चालत नाही. मग काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल तेल आणि वात. दिवा लागला की ३९ प्रकारची कामं बंद. पेरणं, दळणं, शिवणं, विस्तव पेटवणं. त्यात लिहिणं आहे आणि लिहिलेलं खोडणंही आहे. माझा सगळा धंदा या दोन कामांवर चालतो.

पहिला तासभर हात आपोआप खिशाकडे जातो. टेबलावर ठेवून आलेली फाइल डोळ्यांपुढे येते. आमच्याकडे शिकवण अशी की शब्बाथ लागला की सगळी कामं पुरी झाली असंच धरायचं. राहिलेली फाइल राहिलेलीच नाही. हिशेबाच्या माणसाला हे फार जड जातं, कारण रक्कम जुळली नाही तर मला झोप येत नाही. पण माझ्यावाचून काही अडत नाही हे नुसतं बोलायला सोपं असतं. शुक्रवारी दिवा लागला की ते मानून वागावं लागतं. देवावरचा विश्वास म्हणतात तो मला तरी प्रार्थनेपेक्षा या तासात जास्त जाणवतो.

अडीनडीचं काय, हेही विचारता. कोणाच्या जिवावर बेतलं असेल तर शब्बाथ मोडायची नुसती मुभा नाही, मोडायलाच हवा. फोन करायचा, गाडी काढायची, दवाखाना गाठायचा. रिटर्नची शेवटची तारीख त्यात बसत नाही, हे मी एका जुन्या क्लायंटना बरेचदा समजावलंय. त्यांना अजून पटलेलं नाही. कागद मात्र ते आता गुरुवारीच आणून देतात.