वरच्या फळीवरचा गलिव्हर

लहान मुलांसाठीचा गलिव्हर पाठ झाल्यावर मी वरच्या फळीवरचा जाडजूड, संपूर्ण गलिव्हर काढला. जोनाथन स्विफ्टने १७२६ साली तो मोठ्यांसाठी लिहिला होता, हे तेव्हा कुठे ठाऊक! राणीच्या महालाला लागलेली आग गलिव्हर चक्क लघवी करून विझवतो, हे वाचून मी आधी खोलीचं दार लावून घेतलं. पण खरा हादरा शेवटी बसला. घरी परतलेल्या गलिव्हरला बायकोमुलांचा वास सोसवत नाही; तो रोज चार-चार तास घोड्यांशी बोलत बसतो. का, ते काही केल्या उमगेना. मोठ्यांचे सिनेमे चोरून पाहतानाही असंच व्हायचं. आता कारणं कळतात, पण छातीतली ती धडधड फार आठवते. न कळलेल्या त्या पानावर मी जितकी रेंगाळले, तितकी हल्ली कुठल्याच पानावर रेंगाळत नाही.