तुकडा एकच, तरी सहा महिने लागले: माझा मॉड्युलर रिप्रेझेंटेशनचा अनुभव

एमएस्सीच्या डिसर्टेशनला मी मॉड्युलर रिप्रेझेंटेशन थिअरी घेतली, म्हणजे ग्रुपचे घटक मॅट्रिक्सच्या रूपात मांडायचे, पण ज्यात एखादी मूळ संख्या पी म्हणजेच शून्य अशा (कॅरॅक्टरिस्टिक पीच्या) फील्डवर. त्यातही फक्त पी-ग्रुप, म्हणजे ज्यांची ऑर्डर (घटकांची संख्या) त्याच पीचा घात आहे असे. कॅरॅक्टर टेबल, म्हणजे रिप्रेझेंटेशनच्या मूळ तुकड्यांचे तक्ते, मला आधीपासून खूप आवडायचे, कॉम्प्लेक्स नंबर्सवर कुठलंही रिप्रेझेंटेशन घ्या, त्याचे सुटे तुकडे पडतात आणि तुकडे ओळखले की काम झालं. मला वाटलं इथंही तेच, फक्त फील्ड बदललंय.

पण तुकडे पाडायचं ते माश्केचं प्रमेय आहे ना, त्यात ग्रुपच्या ऑर्डरने भागावं लागतं आणि कॅरॅक्टरिस्टिक पी मध्ये आपल्या ग्रुपची ऑर्डर शून्यच. भागणार कशाने? वर आणखी एक गोष्ट कळली: इथं सिंपल मॉड्यूल (मॉड्यूल म्हणजे रिप्रेझेंटेशनच, सिंपल म्हणजे ज्याच्या आत आणखी छोटा मॉड्यूल नाही) एकच, ट्रिव्हियल, ज्यात ग्रुप काहीच हलवत नाही. प्रूफ चार ओळींचं आहे. शून्य नसलेला एक व्हेक्टर घ्या, ग्रुपने तो जिथेजिथे नेला त्या सगळ्यांच्या पी-घटकी फील्डवरच्या बेरजा घ्या, हा संच पीच्या घाताएवढा. त्यातली प्रत्येक ऑर्बिट (ग्रुप एका व्हेक्टरला जिथेजिथे नेतो तो गट) एकतर एकट्या व्हेक्टरची, नाहीतर तिच्या आकाराला पीने भाग जातो, म्हणून न हलणाऱ्या व्हेक्टर्सची संख्याही पीने भागली जाते. शून्य तर हलत नाहीच, म्हणजे अजून कोणीतरी हलत नाही, आणि तोच आतला ट्रिव्हियल मॉड्यूल. झालं. अजूनही हे प्रूफ मला सगळ्यात सुंदर वाटतं.

पण त्यानंतर मी दोन महिने अडकले. तुकडा एकच असेल तर अभ्यास कशाचा करायचा? नोट्स वाचायचे, प्रत्येक ओळ कळायची आणि एकूण काही कळायचं नाही. शेवटी गाईड मॅडम म्हणाल्या, "थिअरी ठेव बाजूला, छोटे ग्रुप घे आणि सगळे मॉड्यूल हाताने काढून आण."

तीन ऑर्डरच्या सायक्लिक (एकाच जनरेटरच्या घातांनी बनलेल्या) ग्रुपपासून सुरू केलं. कर्णावर एक, वर कोपऱ्यात एक आणि खाली शून्य अशी दोन बाय दोन मॅट्रिक्स, तिचा घन केला की कोपऱ्यात 3 येतो, म्हणजे मॉड्युलो 3 शून्य, म्हणजे आयडेंटिटी. ही मॅट्रिक्स सुटी करताच येत नाही! दोन्ही तुकडे ट्रिव्हियल आहेत पण एकमेकांना चिकटलेत. जनरेटरमधून 1 वजा करून त्याला एक्स म्हणा, एक्सचा घन शून्य, मग इनडिकंपोजेबल (सुटे तुकडे न पडणारे) मॉड्यूल म्हणजे 1, 2, 3 मापाचे जॉर्डन ब्लॉक, म्हणजे वरच्यासारख्याच कर्णावर आणि त्याच्या लगेच वर एक असलेल्या मॅट्रिक्स, बस तीनच.

मग क्लाइन फोर, म्हणजे चार घटकांचा सायक्लिक नसलेला ग्रुप, कॅरॅक्टरिस्टिक 2. इथं जनरेटर दोन, म्हणून एक्स आणि वाय दोन, दोघांचे वर्ग शून्य. मी वहीत ठिपके काढायचे, एक्सची रेघ डावीकडे खाली, वायची उजवीकडे खाली. ग्रुप अल्जिब्रा (ग्रुपच्या घटकांच्या फील्डवरच्या सगळ्या बेरजा) म्हणजे चार ठिपक्यांची पतंगासारखी आकृती. आणि नागमोडी रेघ कितीही लांब ओढा, 3 ठिपके, 5, 7, दरवेळी नवा इनडिकंपोजेबल. संपतच नाही. हिगमनने 1954 मध्ये हेच सिद्ध केलं होतं, की पी-ग्रुप सायक्लिक असेल तरच यादी संपते. विधान आधी वाचलं होतं, कळलं मात्र ते ठिपके काढताना.

व्हायव्हाच्या आधीच्या प्रेझेंटेशनला एका सरांनी विचारलं, 8 ऑर्डरचे डायहेड्रल (चौरसाच्या सममितींचा ग्रुप) आणि क्वाटर्नियन (±1, ±i, ±j, ±k चा ग्रुप), कॅरॅक्टरिस्टिक 2 मध्ये दोघांच्या ग्रुप अल्जिब्राचे थर, म्हणजे रॅडिकलच्या (घटक वजा 1 अशांनी बनलेल्या भागाच्या) वाढत्या घातांमधल्या पायऱ्या, 1, 2, 2, 2, 1 असेच येतात, मग वेगळे कसे ओळखशील? मी सांगितलं, क्वाटर्नियनमध्ये रॅडिकलच्या पहिल्या थरातल्या शून्य नसलेल्या कुठल्याच एलिमेंटचा वर्ग रॅडिकलच्या तिसऱ्या घातात जात नाही, डायहेड्रलमध्ये जातो. सर म्हणाले, चार घटकांच्या फील्डवर? तिथे 1 चं, 1 सोडून दुसरं, घनमूळ मिळतं आणि माझा युक्तिवाद कोसळतो. मी गप्प बसले.

त्या रात्री हॉस्टेलवर ट्रिव्हियल मॉड्यूलपासून सिझिजी काढायला बसले, म्हणजे मॉड्यूलवर कमीत कमी फ्री मॉड्यूल बसवायचा, त्याचा कर्नल घ्यायचा, मग त्या कर्नलवर पुन्हा तेच. पहिल्या कर्नलचं डायमेन्शन दोघांचं 8 वजा 1, 7. मग दोन जनरेटर, 16 वजा 7, दोघांचं 9, इथपर्यंत काहीच फरक नाही आणि मी जवळजवळ सोडून दिलं होतं. पुढच्या पायरीला डायहेड्रलला तीन जनरेटर लागले, 24 वजा 9, 15. क्वाटर्नियनला दोनच, 16 वजा 9, 7. आणि त्या 7 ला एकच जनरेटर पुरतो, म्हणून 8 वजा 7, 1. ट्रिव्हियल मॉड्यूल परत आला! डायहेड्रलचं मात्र 17, 23 असं वाढतच जातं. क्वाटर्नियनचा पिरियड 4, आणि कॅरॅक्टरिस्टिक 2 असलेलं कुठलंही फील्ड घ्या, फरक राहतोच.

असं दरवेळी ओळखता येतंच असं नाही बरं का. 2021 मध्ये गार्सिया-लुकास, मार्गोलिस आणि देल रिओ यांनी 512 ऑर्डरचे दोन वेगळे ग्रुप दाखवले ज्यांचे कॅरॅक्टरिस्टिक 2 मधले ग्रुप अल्जिब्रा एकच निघतात. हे मी डिसर्टेशनच्या शेवटच्या पानावर लिहिलं, आणि त्याच्या आदल्या पानावर ते दोन कॉलम: 1, 7, 9, 7, 1 आणि 1, 7, 9, 15, 17. व्हायव्हात सरांनी ते पान उघडून ठेवलं आणि पाऊण तास त्यावरच बोलणं झालं.