फुईचा आवाज कथा गया?

गेल्या वर्षी श्रावणात, आमच्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाला, रोटांच्या आदल्या रात्री, मी फुईची (आत्याची) गाणी संगणकावर उतरवून घेतली. पाऊण तास बाई थांबली नाही. मध्ये एकदा पाणी प्यायली आणि एकदा सुनेला डाळ भिजत घालायची आठवण केली. (ती आठवणही रेकॉर्ड झालीय.) सकाळी ती फाईल मी सुरतेला धाडली. फुईचा थोरला तिकडे कापड मार्केटात कामाला आहे. चार वर्षं झाली, कानबाईला घरी आलेला नाही. दहा मिनिटांत त्याचा फोन.

"भाऊ, माय कथा शे यामा? नुसती घरघर शे." (अहिराणीत 'कथा' म्हणजे कुठे, 'शे' म्हणजे आहे.)

म्हटलं, आवाज वाढव. त्याने वाढवला, तर घरघर वाढली. विहिरीच्या तळाशी कुणी गातंय असं काहीतरी बारीक येतंय, म्हणाला. मी इकडे संगणकाला दोन्ही स्पीकर लावून ऐकलं, तर फुई खणखणीत गात होती. जरा विचित्र वाटत होतं एवढंच. आवाज समोरून येण्याऐवजी दोन कानांच्या मागून आल्यासारखा. मी ते स्पीकरच्या वयावर ढकललं. तेवढ्यात याचा पुन्हा फोन: इअरफोन लावले की माय येते, काढले की जाते!

मी शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक आहे. बावीस वर्षं झाली, मीटर, सेल आणि तारा हीच माझी भाजीभाकरी. त्यामुळे ही गोष्ट मी पंधरा दिवस कुणाला सांगितली नाही.

माईक नानांचा होता. नाना म्हणजे माझे काका, फुईचे मोठे भाऊ. पारोळ्यात त्यांचा मंडप-लाऊडस्पीकरचा धंदा होता. धंदा बंद झाला तेव्हा कर्णे, मशिन, सगळं विकलं गेलं, पण हा एक माईक त्यांनी कपाटात ठेवला होता. "वऱ्हाडी मंडळींनी पंगतीला बसून घ्यावे" हे वाक्य त्याने हजारदा ऐकलेलं असणार. जाळी एका बाजूने चेपलेली, कारण टेंपोतून पडला होता. तरी आवाजात काही फरक नाही. डायनॅमिक माईकची जातच तशी: आत पडदा, पडद्याला तारेचं वेटोळं, आणि चुंबक. सेल नाही, वीज नाही. शुअरचा १९६६ साली आलेला एसएम५८ आजही गायकांच्या हातात दिसतो, तोही याच जातीचा.

माईकच्या बुडाला तीन पिना. पुस्तकात याला एक्सएलआर म्हणतात, साउंडवाले मात्र 'कॅनन' म्हणतात. लॉस एंजेलिसच्या कॅनन कंपनीने हा जोड बनवला, तेच नाव आमच्याकडच्या मंडपवाल्यांच्या तोंडी बसलं. कॅमेऱ्याच्या कॅननशी त्याचा काही संबंध नाही. संगणकाला मात्र लागते इअरफोनसारखी बारीक साडेतीन मिलिमीटरची पिन, जिला दुकानात 'ईपी' म्हणतात. (जाड पिन ती पी-३८. नाव सांगताना घोळ केलात तर दुकानदार तुम्हाला गिऱ्हाईक म्हणून धरतच नाही.) जळगावला एका दुकानात म्हटलं, कॅननचा माईक संगणकाला लावायचाय. त्याने गठ्ठ्यातून एक वायर ओढून दिली. एका टोकाला कॅनन, दुसऱ्या टोकाला स्टिरिओ ईपी. घरी आणली, खट्‌कन बसली, आवाज आला. अजून काय पाहिजे?

सुरतेच्या फोननंतर त्या रात्री मीटर काढला आणि वायर तपासली. कॅननच्या १ नंबरला एक काडी आणि ईपीच्या बुडाशी दुसरी: टीं. २ नंबर आणि ईपीचं टोक: टीं. ३ नंबर आणि टोकाच्या खालची कडी: टीं. वायरीत दोष काहीच नव्हता. जे जिथे जायला पाहिजे तिथे गेलेलं. मग एके दिवशी डोक्यात प्रकाश पडला, आणि हसावं की कपाळावर मारून घ्यावं कळेना.

कॅननच्या तीन पिनांपैकी १ नंबर म्हणजे अर्थ, म्हणजे अर्थिंगची तार. आवाज २ आणि ३ या दोन्हींवर असतो, पण उलटसुलट. २ वर लाट वर गेली की ३ वर तीच लाट खाली जाते. हे कशासाठी? तर मंडपात पन्नास मीटर वायर टाकली, की शेजारच्या लाईटच्या तारेची ५० हर्ट्झची घरघर तिच्यात शिरते. ती दोन्ही तारांवर सारखीच शिरते. साउंडवाल्याचा मिक्सर (माईकचे आवाज एकत्र करणारं मशिन) ३ मधला आवाज उलटा करून २ मध्ये मिसळतो. उलट्याचं सुलट झालं म्हणजे गाणारा दुप्पट होतो, आणि घरघर एकमेकींना खाऊन टाकते. बॅलन्स्ड लाईन म्हणतात ती हीच.

माझ्या जुन्या संगणकाचं माईकचं गुलाबी भोक निघालं स्टिरिओ. त्याला वाटलं, टोक म्हणजे डावा कान, कडी म्हणजे उजवा. म्हणून डाव्या कानात सुलटी फुई आणि उजव्यात उलटी फुई अशी फाईल तयार झाली. इअरफोनमध्ये दोन्ही कान वेगळे, म्हणून ऐकू येते. सुरतेच्या फोनला स्पीकर एकच. त्याने दोन्ही बाजू सरळ एकत्र केल्या. वर आणि खाली, बेरीज शून्य. घरघर तेवढी दोन्हीकडे सारखी होती, ती दुप्पट झाली. मिक्सर जे करतो त्याच्या नेमकं उलट! मिक्सरमध्ये माणूस उरतो आणि घरघर जाते. इथे घरघर उरली आणि फुई गेली. ती विहिरीच्या तळाची बारीक फुई उरली, कारण दोन्ही बाजूंचा जोर अगदी काट्यावर सारखा नव्हता.

फाईल वाचवणं दोन मिनिटांचं काम निघालं. ऑडॅसिटी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. त्यात 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' करून उजवी पट्टी पुसून टाकली. फुई परत आली, थोडी घरघर घेऊन. मग विचार केला, पुसायची कशाला? मिक्सर करतो तेच आपण करू. पुसलेली पट्टी परत आणली, तिच्यावर 'इन्व्हर्ट' चालवलं, आणि मग दोन्ही मिसळल्या. फुई मोठी झाली आणि घरघर जवळजवळ गेलीच. म्हणजे ज्या वायरीला मी पंधरा दिवस शिव्या दिल्या, तिने नकळत मला दोन्ही तारा वेगवेगळ्या उतरवून दिल्या होत्या. रोटांच्या दिवशी जे मिळायला हवं होतं ते पोळ्याच्या सुमारास सुरतेला पोचलं.

फुईला सगळं समजावून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मना आवाज कथा गया व्हता?" ('मना' म्हणजे माझा.)

तरी दरवेळी हा उलटापालटीचा उद्योग कोण करणार? म्हणून दुसरी वायर घरीच केली. कॅननची २ नंबरची तार ईपीच्या टोकाला. १ आणि ३ एकत्र पिळून बुडाला. कडी मोकळी. यात एक खोच आहे. संगणक माईकच्या भोकातून स्वतःच थोडी वीज सोडतो, कारण कॉलरला लावायच्या छोट्या इलेक्ट्रेट माईकना ती लागते. माझ्या संगणकावर मीटरने अडीच व्होल्ट दाखवले. नानांच्या माईकला ती नको असते. पहिल्या वायरीत ती २ आणि ३ दोन्हीकडून सारखीच जात होती, म्हणून वेटोळ्यातून वाहत नव्हती. आता ३ नंबर अर्थला बांधल्यावर ती वेटोळ्यातून वाहणार. म्हणून टोकाकडे जाणाऱ्या तारेत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, अधिकची बाजू संगणकाकडे. तो ही वीज अडवतो, आवाज जाऊ देतो. ईपीच्या टोपणात तो मावेना. शेवटी तारेवरच डाग देऊन वर श्रिंक नळी चढवली. अजगराने उंदीर गिळल्यासारखी दिसते वायर, पण काम देते. लांबी दोनच मीटर ठेवली. ही आता बॅलन्स्ड नाही, जितकी लांब तितकी घरघर गोळा करणार.

लॅपटॉपचा प्रकार आणखी निराळा. हल्ली एकच भोक असतं, त्यात चार कड्यांची पिन जाते: डावा कान, उजवा कान, अर्थ, आणि सर्वांत बुडाशी माईक. तीन कड्यांची ईपी घातली की लॅपटॉप म्हणतो हेडफोन आला, आणि स्वतःचाच माईक चालू ठेवतो. भाच्याने असा अर्धा तास 'नानांच्या माईकवर' बोलून घेतलं, प्रत्यक्षात उतरलं सगळं लॅपटॉपच्या माईकवर. एकाची दोन भोकं करणारं छोटं स्प्लिटर मिळतं, ते मध्ये लावायचं.

आवाज बारीक येतो ही सगळ्यांची तक्रार असते, आणि ती खरीच आहे. असा माईक तोंडाजवळ धरून मोठ्याने गायलं तरी थोडेसे मिलिव्होल्टच देतो. विंडोजमध्ये 'माईक बूस्ट' असतं, ते २० डेसिबलपर्यंत ठीक, ३० वर नेलं की मागे पावसासारखं सूंऽऽ सुरू. त्यापेक्षा माईक तोंडापासून चार बोटांवर धरा. आणि लॅपटॉपचा चार्जर काढा. माझ्याकडे निम्मी घरघर तिथेच गेली.

याच्या बरोबर उलट चूक आमच्या गल्लीतल्या सप्ताहात पाहिली. एका पोराने मिक्सरचं आउटपुट सरळ गुलाबी भोकात खुपसलं. मिक्सर देतो व्होल्टाच्या हिशेबात, भोकाला अपेक्षा मिलिव्होल्टची. सात दिवसांची कीर्तनं पत्र्यावर गारा पडाव्यात तशी उतरली. ती काही केल्या दुरुस्त होत नाहीत. मिक्सरसाठी निळं भोक असतं, लाईन-इनचं.

भाच्याने नंतर कंडेन्सर माईक मागवला आणि म्हणाला, मामा, याचीपण वायर करून दे. त्याला ४८ व्होल्ट लागतात, फँटम म्हणतात ते. ते २ आणि ३ वरून वर चढतात, आणि मिक्सर नाहीतर यूएसबी इंटरफेसची डबी (माईक आणि संगणक यांच्या मध्ये लावायची) ते देते. नुसत्या वायरीने ते येत नाहीत, कितीही डाग द्या. कॅनन-टू-यूएसबी म्हणून जी वायर मिळते तिच्यात मुळात चिप असते. डायनॅमिकला ती चालते, पण फँटम तीही देत नाही. पैसे असतील तर डबी घ्या, वाद नाही. एक म्हातारी, एक डायनॅमिक माईक आणि बंद खोली एवढंच असेल तर माझी अजगर-वायर पुरते.

जुन्या वायरीला लाल टेप लावून ठेवलीय, ती फक्त घरच्या संगणकाची. यंदाची गाणी मात्र लॅपटॉपवर घेतली, आणि तीही लाईट जाण्याची वाट बघून. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही सगळे भारनियमनाची वाट बघत बसलो. रात्री साडेनऊला लाईट गेली. फ्रीज थांबला, शेजारचा टीव्ही थांबला, गल्लीतली चक्की थांबली. मेणबत्ती लावली. फुईने डोळे मिटले आणि सुरू केलं. पाच गाणी झाली. सहाव्याच्या मध्यावर लाईट आली, आणि पंखा खडखडत फिरू लागला. फुई थांबली नाही. गाण्याची ओळ पुरी केली आणि त्याच सुरात म्हणाली, "तो पंखा बंद कर रे भाऊ, मना आवाज खाई जाई."