तुम्ही विचारलंत म्हणून: उजेडाची फुगडी

"मॅडम, ते झोतात नक्की असतं कुठे?" फिजिक्स शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मला वर्गात, स्टाफरूममध्ये आणि एकदा दादरच्या पुलावर धक्के खातानाही विचारला गेलाय. 'ते' म्हणजे वर्तुळाकार ध्रुवीकरण झालेल्या, म्हणजे ज्याचं विद्युतक्षेत्र पुढे जाता जाता गोल फिरत राहतं अशा प्रकाशातलं अँग्युलर मोमेंटम, वाटेतल्या वस्तूला फिरवू शकणारी फिरकी. पुस्तकात कोनीय संवेग.

आहे, यात वाद नाही. १९३१मध्ये कलकत्त्यात रामन आणि भगवंतम यांनी प्रकाशाच्या विखुरण्यावरून फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या कणाला, स्पिन म्हणजे अंगचीच फिरकी असल्याचं मांडलं. १९३६मध्ये प्रिन्स्टनला रिचर्ड बेथ यांनी क्वार्ट्झच्या बारीक धाग्याला क्वार्ट्झचीच चकती टांगली, तिच्यातून असा प्रकाश सोडला आणि धाग्याला बसलेला पीळ चक्क मोजला. असा पीळ किती बारीक, तर आजच्या एक मिलीवॅटच्या लाल लेझरचा असा सगळा उजेड एखाद्या काळ्या चकतीने गिळला, तर न्यूटन-मीटर या पीळ मोजायच्या एककात दशांशचिन्हापुढे अठरा शून्यं आणि मग ३. त्या माणसाच्या चिकाटीला दंडवत.

घोळ होतो फळ्यावर. सपाट, अनंत पसरलेली लाट घ्या. तिचा संवेग, म्हणजे पुढे ढकलण्याचा जोर, सरळ पुढे जातो, मग झोताच्या मधल्या आसाभोवती फिरवणारं काही उरतच नाही. उत्तर शून्य! पण अशी लाट कुठल्या लेझरमधून निघते? खऱ्या झोताला कड असते. तिथे तीव्रता उतरते, विद्युतक्षेत्राच्या रेषा मोकळ्या जागेत मध्येच संपू शकत नाहीत, म्हणून त्या झोताच्या दिशेने कलतात, आणि थोडा संवेग आसाभोवती वळतो. झोत रुंद केला तर उतार मंदावतो, पण तरफ, म्हणजे आसापासून कडेचं अंतर, आणि परीघ वाढतात. बेरीज तीच: ऊर्जा भागिले कोनीय वारंवारता (म्हणजे वारंवारता गुणिले २π).

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी फळ्यावर 'कडेला' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "मग बरोब्बर मध्ये काळा कण ठेवला तर फिरणार नाही?" फिरतो. मला हे माहीत होतं, का ते सांगता येईना. घंटेनं वाचवलं.

त्याच श्रावणात गिरगावात मामेबहिणीची मंगळागौर होती. हॉलच्या माडीवरून खाली बघत होते. फुगड्यांच्या जोड्या एकमेकींना खेटून, सगळ्या एकाच बाजूने गरगरत होत्या. शेजारच्या दोन जोड्या जिथे भिडतात तिथे एक इकडे जाते, दुसरी तिकडे, हिशेब फिटतो. वरून पाहिलं तर फक्त बाहेरच्या रांगेतल्या पाठी गोल सरकताना दिसतात. पण मधल्या जोडीत हात घालून बघा! झटका बसेलच, आणि ती जोडी थांबली की तिथल्या मोकळ्या जागेभोवती नवी कड तयार होते. कण उजेड गिळतो तेव्हा झोतात असंच भोक पडतं. दुसऱ्या सूत्राने मांडलं तर तोच कोनीय संवेग झोतभर, जिथे उजेड तिथे पसरलेला दिसतो. एकूण हिशेबात पैचा फरक नाही. मला आता कुणी 'कुठे' विचारलं की मी उलट विचारते, अडवणार कुठे आहात?

दुसऱ्या दिवशी मी तावातावानं वर्गात शिरले. हिंदमाताला पाणी तुंबलं होतं. वर्गात चारजणी, आणि मागचा बाक रिकामा.