आईचं खांद्याचं ऑपरेशन आणि फिटनेसचा घोळ

आईच्या खांद्यातला रोटेटर कफ, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचे बंध, फाटलेला, दुर्बिणीतून शिवायचं ठरलं. एमआरआय, रक्ताच्या तपासण्या, कॅशलेसची मंजुरी सगळं पटापट झालं. अडलं ते फिटनेसवर, म्हणजे पेशंटला ऑपरेशन झेपेल या फिजिशियनच्या दाखल्यावर.

फिजिशियननी ईसीजी आणि टूडी इको बघितला, फिट म्हणून शिक्का मारला आणि सांगितलं बीपीची गोळी ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत घ्या. आईने घेतली. ॲडमिट झालो, गाऊन घातला, आणि भूलतज्ज्ञ मॅडम आल्या, फाइल चाळून पहिलाच प्रश्न, ही बीपीची टेल्मिसार्टन कधी घेतली? आत्ताच म्हटल्यावर सरळ म्हणाल्या आज नाही करणार. माझं डोकंच फिरलं. काउंटरवाले म्हणे फिजिशियनकडे जा, फिजिशियन म्हणे माझा फिटनेस बरोबर आहे तुम्ही भूलवाल्यांना विचारा, आणि मंजुरीची तारीख पुन्हा बदलून घ्यायची ती वेगळीच कटकट.

शेवटी मॅडमनीच नीट सांगितलं. हे ऑपरेशन आडवं झोपवून नाही, आरामखुर्चीत बसवल्यासारखं करतात, बीच चेअर म्हणतात त्याला. भूल दिल्यावर बसवलं की रक्त पायाकडे उतरतं आणि शरीर एरवी जे सांभाळून घेतं ते भुलेत जमत नाही, त्यात टेल्मिसार्टनचा असर असेल तर बीपी पडतं आणि लवकर वर येत नाही. शिवाय मेंदू दंडाला बांधलेल्या बीपीच्या पट्ट्यापेक्षा उंच, २० सेंटिमीटर उंचीला बीपीत साधारण १५ चा फरक, म्हणजे मशीनवर जे दिसतं त्यापेक्षा मेंदूला कमीच. पट्टा पोटरीला बांधला तर आणखी फसगत. सर्जनला मात्र बीपी जरा कमीच हवं असतं, नाहीतर दुर्बिणीत रक्ताने काही दिसत नाही. मला पटलं. पण फिटनेसच्या कागदावर पेशंटला बसवणार का झोपवणार हा रकानाच नाही, मग फिजिशियनला कळणार कुठून!

म्हणून सांगतो, तारीख घेण्याआधीच भूलतज्ज्ञांना भेटा, गोळ्यांची पाकिटंच घेऊन जा, आणि कुठली बंद करायची कुठली चालू ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. मनाने काही बंद करू नका, आईची बीपीचीच दुसरी गोळी ॲम्लोडिपिन ती चालूच ठेवायला सांगितली. हो आणि आधी कधी पॅरालिसिसचा झटका येऊन गेला असेल किंवा मानेच्या रक्तवाहिनीत ब्लॉक असेल तर ते न विचारता सांगा.

पुढच्या तारखेला टेल्मिसार्टन आदल्या दिवसापासून बंद, पायाला दाब देणारे मोजे, हळूहळू बसवलं, बीपी व्यवस्थित राहिलं. फिटनेसची फी मात्र आमच्याकडून पुन्हा एकदा घेतली.